आपण सगळे ‘मॉडरेट’!

गेल्या सात दिवसांत तुम्ही किती दिवस जोरदार व्यायाम केलात? जोरदार म्हणजे चांगली धाप लागेल असा. आणि ज्या दिवशी केलात, त्या दिवशी साधारण किती मिनिटं?

आता खरं सांगा, आकडा आठवलात की बनवलात?

हा प्रश्न कधी ना कधी तुमच्यासमोर आलेला आहेच. जिमच्या रिसेप्शनवर, एचआरकडून येणाऱ्या ‘वेलनेस’वाल्या मेलमध्ये, हेल्थ चेकअपला उपाशीपोटी गेल्यावर हातात ठेवतात त्या कागदावर, नाहीतर ट्रेकच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये. आपण पेन चावतो, छताकडे बघतो आणि मधल्या चौकोनात टिक करून मोकळे होतो. मॉडरेट! ‘लो’ लिहायची लाज वाटते, ‘हाय’ लिहायची हिंमत होत नाही. त्यामुळे कागदोपत्री अख्खं हिंजवडी मॉडरेट आहे, बीकेसी मॉडरेट आहे, आणि शनिवारी रात्री बाणेर रोडवर तंदुरीच्या ताटावर बसलेली जनताही मॉडरेटच आहे.

गंमत सोडा, पण या एका टिकमार्कवरून पुढे काही ना काही ठरतं. ट्रेनर पहिल्या दिवशी किती वजन उचलायला लावणार, ट्रेक लीडर कुठल्या बॅचमध्ये टाकणार, डॉक्टर तुमच्या दम लागण्याकडे किती लक्ष देणार. आणि देशभरातले असे फॉर्म एकत्र केले की पेपरात हेडलाइन येते, अमुक टक्के भारतीय आळशी! म्हणून म्हटलं, या फॉर्मचा फंडा एकदा नीट समजून घेऊ या.

अशा प्रश्नांच्या जगभर सगळ्यात जास्त वापरल्या गेलेल्या याद्यांपैकी एक म्हणजे ‘आयपॅक’. पूर्ण नाव इंटरनॅशनल फिजिकल अ‍ॅक्टिव्हिटी क्वेश्चनेअर. १९९८ मध्ये जिनिव्हात तज्ज्ञांचा एक गट बसला आणि त्यांनी ठरवलं की प्रत्येक देश आपापल्या पद्धतीनं विचारतो ते पुरे, सगळ्यांना एकच प्रश्न विचारू. या यादीची छोटी आवृत्ती सात प्रश्नांची आहे. जोरदार हालचाल किती दिवस, किती वेळ. मध्यम हालचाल किती दिवस, किती वेळ. चालण्याचंही तसंच. आणि शेवटी, रोज किती वेळ बसून असता? (हा शेवटचा प्रश्न आयटीवाल्यांनी न वाचलेलाच बरा.) २००० साली १२ देशांतल्या १४ केंद्रांमध्ये या यादीचीच परीक्षा घेतली गेली आणि २००३ मध्ये निकाल छापून आला.

निकाल भारी होता. त्याच माणसाला काही दिवसांनी तोच फॉर्म पुन्हा दिला, तर उत्तरं बऱ्यापैकी जुळत होती. जुळणीचा आकडा साधारण ०.८. इथे १ म्हणजे तंतोतंत आणि ० म्हणजे काडीचा संबंध नाही. पण त्या माणसाच्या कमरेला हालचाल मोजणारं छोटं यंत्र बांधलं आणि त्याचं रीडिंग फॉर्मशी ताडून पाहिलं, तर आकडा घसरून साधारण ०.३ वर आला. म्हणजे माणूस दोन्ही वेळा एकच गोष्ट सांगत होता. ती घडली होती का, हा प्रश्न वेगळा!

रेल्वे स्टेशनवरची ती वजनाची मशीन आठवतेय? लुकलुकणारे रंगीत दिवे, गरगर फिरणारी चकती, नाणं टाकलं की खटकन बाहेर पडणारं जाड तिकीट, त्यावर वजन आणि वर भविष्य फुकट. समजा, त्यातली एखादी मशीन प्रत्येकाला पाच किलो कमी दाखवत असती. तुम्ही दहा वेळा चढलात तरी दहाही वेळा तेच वजन आलं असतं. मशीन भरवशाची, पण चुकीची. संशोधनाच्या भाषेत पहिल्या गुणाला विश्वसनीयता म्हणतात आणि मशीन बरोबर असण्याला वैधता. एखाद्या जिमच्या बोर्डावर ‘सायंटिफिक असेसमेंट’ असं लिहिलेलं दिसलं, की यातलं नक्की कुठलं, असं विचारून बघा. मी विचारलं होतं. मला डाएट प्लॅनचं पॅम्फ्लेट मिळालं.

बरं, मशीन चुकते तरी किती? आयपॅकची छोटी आवृत्ती आणि यंत्रं यांची तुलना करणारे अभ्यास २०११ मध्ये एकत्र मांडून पाहिले गेले. फॉर्मवरची हालचाल प्रत्यक्षापेक्षा सरासरी ८४ टक्क्यांनी जास्त निघाली. म्हणजे १०० मिनिटं हललेला माणूस १८४ लिहितो. इंग्लंडमध्ये तर २००८ च्या सरकारी आरोग्य पाहणीत भलताच सीन झाला. लोकांना विचारलं तेव्हा ३९ टक्के पुरुष आणि २९ टक्के बायका म्हणाल्या, की सरकारनं सांगितलाय तेवढा व्यायाम आम्ही करतो. मग त्या पाहणीतल्याच काही लोकांच्या कमरेला यंत्र लावलं. तेवढा व्यायाम करणारे निघाले ६ टक्के पुरुष आणि ४ टक्के बायका. आता बोला!

यावर पटकन सुचणारं उत्तर असं की लोक थापा मारतात. मारतात ना! समोर पांढरा कोट किंवा दंड फुगवलेला ट्रेनर असला की आपलंही पोट आपोआप आत जातं, तसा आकडा आपोआप वर जातो. पण सगळा दोष थापांवर टाकून चालणार नाही. बहुतेक लोक प्रामाणिकपणेच चुकतात, आणि ते कसे चुकतात हेच यातलं इंटरेस्टिंग प्रकरण आहे.

माझा एक मित्र आहे, आयटीतलाच. तो छातीवर हात ठेवून सांगतो, “अगं, मी रोज एक तास जिम करतो.” आणि तो खोटं बोलत नाही. सातला आत, आठला बाहेर. एकदा मी त्याच्याबरोबर गेले आणि कोपऱ्यातल्या सायकलवर बसून घड्याळ लावलं. लॉकर, शूज, शेकर भरणं, बेंच रिकामा व्हायची वाट, दोन सेटच्या मधे एक रील, मग आणखी एक रील, ट्रेनरशी कालच्या मॅचवर चर्चा. साहेब प्रत्यक्ष हलले ते वीस-बावीस मिनिटं. त्याच्या डोक्यात मात्र ‘जिम’ नावाचा एक तास छापलेला आहे. फॉर्म त्याला मिनिटं विचारतो आणि तो टाइमटेबल सांगतो.

दुसरी गोष्ट आठवणीची. ‘गेल्या सात दिवसांत’ असं विचारलं तरी आपण गेले सात दिवस आठवतच नाही. आठवतो तो आपला नेहमीचा, म्हणजे आदर्श आठवडा. ज्यात रिलीज नव्हतं, पाऊस नव्हता, कुणाची सेंड-ऑफ पार्टी नव्हती. असा आठवडा वर्षातून दोनदा येतो. पण आपल्याला तोच खरा वाटतो, बाकीचे पन्नास अपवाद!

तिसरं कारण मला सगळ्यात जास्त चटका लावणारं वाटतं. ‘जोरदार’ म्हणजे काय, हे ज्याचं त्याच्या दमावर ठरतं. रोज पाच किलोमीटर पळणारी मुलगी भराभर चालली तर तिला ते फिरणं वाटतं. फॉर्मवर तिचं उत्तर, ‘मध्यम’, कदाचित तेही नाही. दिवसभर खुर्चीत असणारा माणूस त्याच वेगानं चालला तर त्याला घाम फुटतो, धाप लागते. त्याच्या दृष्टीनं ते ‘जोरदार’च आहे आणि तो अगदी प्रामाणिकपणे तसं लिहितो. म्हणजे ज्याचा दम कमी, त्याचे मार्क जास्त! फॉर्मला दोघांतला फरक कळत नाही. (घरच्या घरी ओळखायची एक सोपी खूण आहे. चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तर मध्यम. चार शब्दांपुढे बोलताही येत नाही, तर जोरदार. ऐकणाऱ्यांच्या सोयीसाठी गाण्याचा भाग मनात करावा.)

आपण स्वतःबद्दल किती निरागसपणे चुकू शकतो याचं एक क्लासिक उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. ‘आम्ही मोजून खातो, व्यायाम करतो, तरी वजन हलत नाही’ असं म्हणणाऱ्या दहा जणांचा तिथे अभ्यास झाला. तो १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. शरीर किती ऊर्जा खर्च करतं ते मोजायला हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे जड अणू असलेलं पाणी पाजतात आणि ते शरीरातून किती वेगानं बाहेर पडतं ते तपासतात. तिथे थापेला वाव नाही. ही मंडळी आपलं खाणं सरासरी ४७ टक्के कमी आणि आपली हालचाल ५१ टक्के जास्त सांगत होती, असं निघालं. त्यांच्या मेटाबोलिझमला काहीही झालेलं नव्हतं. डाएटवर असलेल्या कुणालाही हा परिच्छेद फॉरवर्ड करू नका, मैत्री तुटते.

आता याच्या बरोब्बर उलटी बाजू. एक फॉर्म मी घरी आईला दिला. तिचं उत्तर तयार होतं. “अगं, मी कुठला व्यायाम करते? घरीच तर असते मी!” हे ती माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढलेली असताना म्हणाली. त्या दिवशी सकाळी मंडईतून दोन पिशव्या घेऊन तीन मजले चढून आली होती. सोसायटीची लिफ्ट बंद होती. आयपॅकच्या छोट्या फॉर्ममध्ये मध्यम हालचालीचं उदाहरण म्हणून काय दिलंय माहितीये? हलकं ओझं वाहणं, नेहमीच्या वेगानं सायकल चालवणं आणि डबल्स टेनिस. डबल्स टेनिस! आमच्या गल्लीत ते कुणी खेळताना मी तरी पाहिलेलं नाही. उदाहरणात फरशी पुसणं, भिजलेल्या चादरी पिळणं, पाण्याच्या कळश्या असत्या तर आईच्या डोक्यात काहीतरी पेटलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेची ‘जीपॅक’ नावाची दुसरी प्रश्नावली कामात घरकामही धरते. पण विचारणाऱ्यानं ते नीट समजावून सांगितलं नाही, तर ‘व्यायाम’ हा शब्द ऐकून बायका आधीच मान हलवून मोकळ्या होतात.

त्यात हे फॉर्म सलग दहा मिनिटं केलेली हालचालच धरा असं सांगतात. दादरच्या पुलावरून सकाळी धावत प्लॅटफॉर्म बदलणाऱ्या मुलीला विचारा. तिची सगळी मेहनत तीन-तीन मिनिटांच्या तुकड्यांत होते आणि फॉर्मच्या हिशोबात शून्य. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या शिफारशींतून ही दहा मिनिटांची अट काढून टाकली. आता मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सांगितली आहे, आणि तुकडे चालतात.

आता त्या हेडलाइन्सचं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे या विषयावरचे आकडे २०१४ मध्ये आले. तमिळनाडू, झारखंड, चंदीगड आणि आपला महाराष्ट्र, मिळून चौदा हजारांवर लोक. ५४.४ टक्के लोक पुरेसे हलत नाहीत, आणि हौस म्हणून खेळणारे-पळणारे १० टक्क्यांहूनही कमी. हे ‘जीपॅक’ वापरून. मग जून २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये जगभरचे आकडे आले. २०२२ साली भारतातले जवळजवळ निम्मे मोठे लोक गरजेपेक्षा कमी हालचाल करत होते, त्यात बायका ५७ टक्के आणि पुरुष ४२ टक्के. यामागेही मुख्यतः विचारून भरलेल्या प्रश्नावल्याच आहेत. मग हे सगळं फेकून द्यायचं का? मला तसं वाटत नाही. पाच किलो कमी दाखवणारी मशीनसुद्धा तुमचं वजन वर्षभरात वाढलं की कमी झालं हे बरोबर सांगते, कारण ती दरवेळी तेवढीच चुकते. देश जास्त बसायला लागलाय की कमी, हे कळायला फॉर्म चालतो. तुमच्या एकट्याच्या दमाचा हिशोब त्यातून कळत नाही. आणि बायका-पुरुषांमधल्या त्या पंधरा टक्क्यांच्या फरकात ‘मी कुठला व्यायाम करते’ किती मुरलेलं आहे, याची शंका मला येतेच.

मुळात हालचाल आणि फिटनेस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिका आणि कॅनडात १९९० च्या दशकात ‘हेरिटेज’ नावाचा एक मोठा अभ्यास झाला. बैठी जीवनशैली असलेल्या ९८ कुटुंबांतल्या ४८१ जणांना २० आठवडे सारख्याच पद्धतीचा व्यायाम दिला. काहींची ऑक्सिजन वापरायची क्षमता मिनिटाला लिटरभरानं वाढली, तर काहींची जवळजवळ जागची हललीच नाही. घाम सारखा, रिझल्ट वेगळा. घराण्याचाही यात मोठा वाटा निघाला. तेव्हा तुम्ही किती मिनिटं पळता हे अगदी खरं सांगितलंत, तरी तुमचा फिटनेस किती, हे त्यातून पूर्ण कळत नाहीच.

मग फिटनेस थेट का नाही मोजत? मोजतात. लॅबमध्ये तोंडावर मास्क लावून ट्रेडमिलवर दमेपर्यंत पळवतात आणि शरीर किती ऑक्सिजन वापरतं ते बघतात. खर्च, डॉक्टर, वेळ, सगळंच लागतं. हजार जणांच्या ऑफिसात ते कोण करणार? मनगटावरच्या घड्याळातही आता ‘व्हीओटू मॅक्स’ दिसतो, पण तो तुमच्या नाडीवरून आणि वेगावरून काढलेला अंदाज असतो. ती कमरेची यंत्रंही काही देव नाहीत. सायकल चालवताना आणि वजन उचलताना त्यांना फारसं काही कळत नाही. आणि ऑफिसच्या स्टेप चॅलेंजमध्ये फोन बाळाच्या पाळण्याला बांधणारे महाभाग मला माहीत आहेत. मुलगा तीन महिन्यांचा, महिन्याचा विजेता तोच असायला हवा होता.

म्हणजे विचारण्याला पर्याय नाही. प्रश्न उरतो तो काय विचारायचं याचा, आणि इथे एक बातमी मला मनापासून आवडली. मोठ्या ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ पेशंटला बघून अंदाज बांधतात, याचं हृदय हा ताण झेपवेल की नाही. कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या २५ हॉस्पिटलांत १,४०१ पेशंट्सवर हा अंदाज तपासला गेला. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’नं तो छापला. ज्यांचा दम खरोखरच कमी होता अशा पेशंट्सपैकी फक्त १९.२ टक्के जण डॉक्टरांच्या नजरेनं ओळखले. बाकीचे ‘ठीक आहे’मध्ये गेले. आणि त्यानंतरच्या महिनाभरात कुणाच्या हृदयाला धोका आहे, याचा अंदाज यायला उपयोगी पडली ती एक साधी प्रश्नावली!

ती प्रश्नावली म्हणजे १९८९ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात बनवलेला बारा प्रश्नांचा ‘ड्यूक अ‍ॅक्टिव्हिटी स्टेटस इंडेक्स’. त्यात ‘किती मिनिटं’ कुठेच नाही. त्यात आहे, जमतं का? सपाट रस्त्यावर थोडं अंतर चालता येतं? एक मजला चढता येतो? थोडं अंतर पळता येतं? फरशी घासणं, जड फर्निचर हलवणं असली कामं जमतात? (एक प्रश्न बेडरूममधलाही आहे. आपल्याकडे तो मराठीत विचारताना डॉक्टरांचा चेहरा बघायला मला आवडेल.) हो किंवा नाही. जिना चढता येतो की नाही, हे आठवायला आदर्श आठवडा लागत नाही. तो जिना रोज समोर असतो.

असंच काहीसं युरोपातल्या नऊ देशांमधल्या टीनएजर्सच्या बाबतीत दिसलं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात फक्त पाच प्रश्न होते. एकूण फिटनेस, दम, ताकद, वेग-चपळता आणि लवचिकपणा. मित्रमैत्रिणींच्या तुलनेत तुझं कसं आहे, फार वाईटपासून फार चांगलंपर्यंत सांग. मुलांनी स्वतःला दिलेला नंबर आणि मैदानावरच्या टेस्टमधला नंबर यांचा मेळ बऱ्यापैकी बसला. शाळेत हे सोपं असतं म्हणा. कोण पहिलं येतं, कबड्डीत कोण पहिलं बाद होतं, हे अख्ख्या वर्गाला पाठ असतं. आपल्या ऑफिसात कुणाशी तुलना करणार? सगळा फ्लोअरच कॅन्टीनपर्यंत जाऊन धापा टाकत असेल, तर न धापणारा माणूस स्वतःला खेळाडू समजणारच.

तर, जिना. स्पेनमधल्या ला कोरुन्या इथल्या डॉक्टरांनी २०२० मध्ये १६५ पेशंट्सवर एक गोष्ट तपासली. चार मजले, म्हणजे ६० पायऱ्या, न थांबता आणि न पळता भराभर चढायचे. एका मिनिटाच्या आत पोचलात तर हृदयाची तब्येत चांगली असण्याची शक्यता जास्त. दीड मिनिटाच्या वर गेलात तर तपासून घेतलेलं बरं. पुणेकरांनी पर्वतीच्या १०३ पायऱ्यांचा हिशोब आपापला करावा. पण चढायच्या आधी आणखी सात प्रश्न आहेत, आणि या सगळ्या कागदांत मला तेच सगळ्यात महत्त्वाचे वाटतात.

कॅनडात १९७० च्या दशकात ब्रिटिश कोलंबियात ‘पार-क्यू’ नावाची प्रश्नावली बनली. पुढे ती सुधारली गेली, जगभर पोचली. ती फिटनेस मोजतच नाही. ती एवढंच विचारते, की तुम्ही व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटायला हवं का? हृदयाचा त्रास डॉक्टरांनी सांगितलाय का? व्यायाम करताना छातीत दुखतं का? गेल्या महिन्यात बसल्या जागी दुखलं का? चक्कर येऊन तोल जातो का, शुद्ध हरपते का? हाडं-सांधे? बीपी-हृदयाची गोळी? आणखी काही कारण? एक जरी ‘हो’ आलं, तर आधी डॉक्टर.

आता आपल्या जिममध्ये या प्रश्नांचं काय होतं ते बघा. माझ्यासमोर घडलेलं सांगते. रिसेप्शनवरच्या मुलानं फॉर्म पुढे सरकवला आणि म्हणाला, “सर, इकडे सगळं ‘नो’ करून टाका, सही करा, मी बॅच टायमिंग देतो.” सर पस्तिशीचे असतील. त्यांनी सात ‘नो’ मारले, एका दमात, वाचता वाचता सुद्धा नाही. मिनिटं किती या प्रश्नापाशी मात्र पेन थांबलं, बराच विचार झाला आणि ‘४५’ लिहिलं गेलं. जिथे चुकलं तर फारसं बिघडत नाही तिथे विचार, आणि जिथे चुकलं तर अ‍ॅम्ब्युलन्स बोलवावी लागेल तिथे डिट्टो मार्क! जिमवाले म्हणतात, ‘हो’ आलं की मेंबर जातो. मेंबर म्हणतात, ‘हो’ लिहिलं की उगाच डॉक्टरचा खर्च. फॉर्म फाइलला लागतो, फाइल कपाटात जाते.

माझ्या ओळखीचा एक ट्रेक लीडर आहे. दर वीकएण्डला सह्याद्रीत पोरं घेऊन जातो, सगळे त्याला दादाच म्हणतात. त्याच्या फॉर्ममध्येही पूर्वी होतं, ‘फिटनेस लेव्हल – बिगिनर, मॉडरेट, प्रो’. कळसूबाईला, १,६४६ मीटरवर न्यायला निघालेली त्याची मॉडरेट जनता पहिल्या लोखंडी शिडीपर्यंत पोचतानाच बसकण मारायची. शेवटी त्यानं तो प्रश्न उडवला. आता तो विचारतो, शेवटचा गड कुठला चढलात, कधी, किती वेळात, आणि मधे किती वेळा बसलात?

“अरे, पण यातही लोक थापा मारतीलच की!” मी म्हटलं.

“मारतात ना. पण ‘मॉडरेट’ची थाप पकडता येत नाही. ‘सिंहगड पाऊण तासात’ ही थाप मी एका फोनमध्ये पकडतो. विचारतो, कुठल्या वाटेनं गेलास, आणि पहिलं ताक कुठे प्यायलास?”

गेल्या पावसाळ्यानंतर त्याच्या फॉर्मवर एका मुलीनं लिहिलं होतं, “सिंहगड, ऑगस्टमध्ये, आतकरवाडीवरून. दोन तास. पाच-सहा वेळा बसले. एकदा डोळ्यांपुढे अंधारी आली.” जुन्या फॉर्ममध्ये ती मॉडरेट असती. दादानं तिला फोन केला. “अगं, पैसे परत पाठवतो, तू आधी डॉक्टरांकडे जाऊन ये.” ती चिडली, मग गेली. हिमोग्लोबिन आठच्या आसपास निघालं. गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांनी तिनं न विचारताच त्याला मेसेज टाकला, “सिंहगड, दीड तास, एकदाच बसले, तेही भजी खायला.” दादानं तिचं नाव जानेवारीच्या बॅचमध्ये घातलं.